तपकिरी की हिरवी

मंगळवार, ४ नोव्हेंबर
गाडीतला इंजिनचा पिवळा दिवा आजही लागलेला. रायपूरच्या भनपुरी भागातला मिस्त्री म्हणाला, सायलेन्सरच्या नळीवरचा ऑक्सिजन सेन्सर गेला. नवा मिळाला, पण त्याला प्लगच नाही, नुसत्या चार तारा. जुन्याचा प्लग कापून जोडायचा. त्याला दहा दिवस सवड नाही. "आपका लड़का तो आईटीआई किया है ना दीदी, घर में जोड़ लेगा. टांका मत लगाना, स्लीव दबाकर जोड़ना." स्लीव्ह म्हणजे तारांची टोकं आत घालून पक्कडीने दाबायच्या बारीक नळ्या, त्या दिल्या; कोणती तार कोणत्या तारेला, ते कागदावर लिहून दिलं.

निखिल लगेच तयार. रेल्वेची लेखी परीक्षा पास झाल्यापासून स्वारी हवेत आहे. इंजिन चालवणार. आता फक्त मेडिकल, वीस तारखेला.

गुरुवार, ६
अंगणात उन्हात बसून जोडलं. कागद माझ्या हातात. दोन तपकिरी पांढऱ्यांना, हिरवी काळीला, करडी करडीला. मी वाचत होते, तो तारा सोलत होता, शीळ घालत. हिरवी म्हटलं तर त्याने उरलेली तपकिरी उचलली; हिरवी आधीच पांढरीला जोडून बसला होता.

"नीट पाह्य."
"देख तो रहा हूँ, आई. हरी ही है."

उजेडात धरून पाहिली. थट्टा करत नव्हता. दाबून टाकली काळीला.

माझ्या बाबांचं असंच होतं. सदऱ्याचा रंग आईला विचारून घ्यायचे. गार्ड व्हायचं होतं, मेडिकलला रंगांत नापास झाले, सगळी नोकरी रेल्वेच्या स्टोअरमध्ये गेली. हे आजोबांकडून आईतून मुलात येतं, असं कधीतरी वाचलेलं. विसरले होते, की विसरायचं ठरवलं होतं...

तो जेवायला आत गेला. मी दोन स्लीव्ह कापल्या, तारा बदलल्या, पुन्हा दाबल्या.  

शुक्रवार, ७
काल संध्याकाळी निखिलने सेन्सर बसवला. आज ऑफिसला नवा रायपूरला जाऊन आले, परतताना दिवा विझला. त्याला सांगितलं. "पहली बार में! मिस्त्री को बोलना आई, आधी फीस मेरी." मित्राला फोन करून सगळं सांगितलं. मी पोळ्या लाटत राहिले.

शनिवार, ८
सकाळी चहाच्या वेळी ह्यांच्याशी बोलले. "काहून सांगून राहिली त्याले आत्ताच? डॉक्टर सांगन ना. अन् पास बी होईन कदाचित."

कदाचित. पण ट्रान्सपोर्ट कंपनीचं पत्र आलंय, भनपुरीच्या वर्कशॉपमधल्या नोकरीचं. सोमवारी होय की नाही कळवायचं. निखिल नाही म्हणणार आहे, रेल्वेच्या भरवशावर. मी गप्प राहिले तर दोन्ही जातील.

रविवार, ९
सांगितलं. मटार सोलत बसलो होतो. तारांचं आधी सांगितलं, तिथंच चुकलं.

"तुमने काटकर फिर से जोड़ा?" रंगांचं, माझ्या बाबांचंही पुढे सांगितलं, पण तो तारांपाशीच अडकलेला. "तीन दिन से सबको बताता फिर रहा हूँ. उसी वक्त बोल देतीं ना."

खरंच, का नाही बोलले? त्याचा चेहरा पडू नये म्हणून? की माझा?

उठून खोलीत गेला. दार आपटलं असतं तर बरं वाटलं असतं. हळूच लोटलं.

सोमवार, १०
सकाळी स्वयंपाकघराच्या दारात उभा.
"नाना को मेडिकल से पहले पता था?"
"नव्हतं बहुतेक."
"मुझे तो पता है अब." मग म्हणाला, "पता क्या है, तुम बोल रही हो."

म्हटलं, पुरानी बस्तीत डोळ्यांचे डॉक्टर आहेत, ठिपक्यांचं पुस्तक दाखवून तपासतात, चल. "हव," म्हणाला. गाडीत मागे बसला. नेहमी पुढे बसतो.

अकरा वाजलेत. तो आत गेलाय. मी बाहेर बाकावर बसून हे लिहितेय. दार बंद आहे, पानं उलटल्याचा आवाजही येत नाही. स्वतःचा फोन माझ्या हातात देऊन गेला. "भनपुरी वालों का आएगा तो उठा लेना." काय सांगायचं, ते मी विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही.

दोनदा वर्कशॉपचा फोन येऊन गेला, मी उचलला नाही. आता परत वाजतोय.