धवला कुणाचा

२० फेब्रुवारी २०२५

चोरी! सरळ सरळ चोरी!

बदलापूर गावात भाच्याच्या हळदीला गेलो होतो. डीजेवर एक गाणं लागलं आणि हातातलं ताट तसंच राहिलं. वेणूबाईचा आवाज! जांभूळ गावची धवलारीण, लग्नात धवल्याची गाणी म्हणणारी. आमच्या आगऱ्यांत तिने धवला म्हटल्याशिवाय लग्नाचा एक विधी पुढे सरकायचा नाही. खाली ढोल, बेंजो, आणि वर तिचा धवला. पोरं घामाघूम होऊन नाचतायत.

‘चंदूभाईचं नवीन हाय, दादा! दहा लाख व्ह्यूज झाले!’ नाचणारा एक पोरगा ओरडला.

फोनवर बघितलं. गायिका – वेणूबाई. संगीत – चंदू. चंदू, म्हणजे बावीस वर्षं माझ्या शेजारी बसून बेंजो वाजवणारा चंदू! माझं नाव कुठेच नाही. त्या आवाजाचं रेकॉर्डिंग जगात एकच आहे आणि ते मी केलंय.

२१ फेब्रुवारी

कपाट उघडलं. कॅसेट जागेवर आहे. म्हणजे रेकॉर्डिंगच्या दिवशीच याने गुपचूप कॉपी मारली. आणि एवढी वर्षं माझ्याबरोबर चहा पीत हसत होता!

सगळं डोळ्यासमोर येतंय. मार्च २००४. उल्हासनगर कॅम्प चार, झामनदास शेठचा स्टुडिओ. खोली कसली, जीन्सच्या कारखान्यातला मागचा कोपरा. भिंतींना चिंध्यांच्या गाद्या. पलीकडे चाळीस मशिनी धडधडायच्या, त्यामुळे रेकॉर्डिंग फक्त जेवणाच्या सुट्टीत. शेठ घड्याळ दाखवायचा – ‘एक घंटा, साईं! मशीन चालू हुई तो मैं नहीं रोकूँगा!’

आणि वेणूबाई तर मायक्रोफोनसमोर तोंडच उघडेना. ‘मांडव नाय, हलद नाय, नवरी नाय. मंग धवला कुनाचा म्हनू?’

डोकं माझंच चाललं. तिला घरी पाठवलं आणि दुसऱ्या दिवशी थाप मारली – घर सोडून आलेलं एक जोडपं आहे, घरचे मांडव देत नाहीत, इथेच उरकायचंय. म्हातारी विरघळली. मायक्रोफोनच्या स्टॅंडला आंब्याचे टाळे बांधले, पाट मांडले, हळद आणली. नवरी म्हणून शालनला बोलावलं. आमचा साखरपुडा नुकताच झाला होता. ‘फक्त बसायचंय गं,’ म्हटलं. नवरदेव मीच बसलो असतो, पण मशीनवर कोण? चंदूला बसवला. दोघांची नावं गुंफून वेणूबाई अशी गायली की शेठने स्वतःच्या हाताने फॅन बंद केला!

कॅसेट कंपनीने मात्र नाकारलं. म्हातारीचा आवाज कोण ऐकणार म्हणाले. माझं सगळ्यात चांगलं रेकॉर्डिंग ते. आज हेंद्रेपाड्यात माझा स्वतःचा एसी स्टुडिओ आहे, पण तसं एकही काम इथे झालेलं नाही.

आणि चंद्याचा शहाणपणा बघा. धवल्यातलं स्वतःचं नाव शिताफीने कापलं, शालनचं तसंच ठेवलं.

२२ फेब्रुवारी

शालनला सांगितलं. मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, ‘जाऊ द्या ना. छान झालंय गाणं.’ छान! माझं पित्त खवळलं. बायकोलासुद्धा माझी बाजू कळू नये?

२५ फेब्रुवारी

चंदूला अंबरनाथ स्टेशनबाहेर गाठला. चहा मागवला, प्यायलो नाही.

‘चोरली नाय रे मी, सद्या.’

‘मग आभाळातून पडली?’

‘मना दिली. कुनी त्या नको विचारू.’

‘माझं नाव का नाही?’

‘जिनं दिली तिची अट व्हती,’ म्हणाला. रोख वेणूबाईवरच असणार, दुसरी कोण! म्हातारीकडे कॅसेट कुठून आली देव जाणे. याला काही सुचलं नाही म्हणून तिच्यावर ढकलतोय. कॉलर धरली मी त्याची. स्टेशनबाहेर, चार लोकांत. त्याने हात नाही उचलला. उचलला असता तर बरं वाटलं असतं.

माझ्या पहिल्या स्टुडिओच्या भिंती या माणसाने माझ्याबरोबर रंगवल्या होत्या.

२६ फेब्रुवारी

गाणं ज्या साइटवर आहे तिथे तक्रार टाकली. मूळ रेकॉर्डिंग माझं, पुरावा म्हणून कॅसेटचा फोटो.

१ मार्च

साइटवरून उतरलं गाणं! उघडायला गेलं की काळी चौकट. अर्धा किलो पेढे आणले. शालनने एकही खाल्ला नाही.

२ मार्च

जांभूळला गेलो. वेणूबाईच्या तोंडून एकदा ऐकायचं होतं की मी खरा आणि चंदू चोर. ओटीवर बसली होती. ऐंशी उलटली असेल, पण आवाज खणखणीत.

‘ये रं. तूच ना तो मशीनवाला? खोटं लगीन लावनारा?’

मी हसलो. ती नाही हसली.

‘तुज्या लग्नाला बोलावनं आयलं. मी पोरीच्या घरी गेलू, तं पाटावर तीच पोर! मी बोललू, तुजा तं धवला झाला गो, दुसऱ्यासंगती. पोर रडली. सगला खरा सांगितला. पन एका नवरीला दोनदा धवला नाय म्हनत. मी तशीच माघारी आयलू.’

आम्हाला निरोप आला होता की वेणूबाई आजारी आहे. मी खुशाल स्पीकरवर गाणी लावली होती. अजून आठवतंय, साउंड चांगला बसला म्हणून मी खूश होतो.

‘फसिवलास मना, त्या मी गिललं,’ ती म्हणाली. ‘पन त्या पोरीचा मांडव मुका गेला.’

चंदूचं नाव काढायचं राहूनच गेलं.

३ मार्च

शालनला विचारलं. कॅसेट तिनेच चंदूला दिली होती आणि पुन्हा कपाटात आणून ठेवली होती. चंदूचं नाव काढायला तिनेच लावलं, माझं घालू नको हेही तिनेच सांगितलं. ‘माझा धवला एकदा तरी खऱ्या मांडवात वाजावा, एवढंच होतं,’ म्हणाली. मग पेढ्यांचा खोका माझ्यासमोर सरकवला – ‘दुसऱ्यांदा घेतलात माझा धवला माझ्याकडून.’