मालतेशचं रक्त आणि तुझा लोण्याचा डोसा

तीर्थस्वरूप दोड्डम्माच्या चरणी दावणगेरेहून पुतणी चैत्राचा साष्टांग नमस्कार.

तुझा गुडघा आता चुलीपुढे बसू देतो का? इकडे अप्पांची चुरमुऱ्यांची भट्टी जोरात आहे आणि आई अप्पांवर जोरात आहे, म्हणजे सगळं क्षेम. (हे पत्र वाचून दाखवायला शेजारच्या गिरिजा टीचरना बोलाव. तुझ्या चिरंजीव मालतेशला दिलंस तर तो निम्म्या ओळी गाळेल, आणि नेमक्या त्याच महत्त्वाच्या आहेत.)

मालतेशचं रक्त इतकं दमदार निघालं की आमच्या इस्पितळातल्या यंत्राने हात टेकले, असं तू हरिहर गावभर सांगितलंस म्हणे. यंत्राने हात टेकले हे खरं आहे. पण दमामुळे नव्हे, तुझ्या लोण्यामुळे.

डेंग्यूच्या दिवसांत प्लेटलेट मोजायला सगळे शिकले. पण त्या असणं वेगळं आणि कामाला धावणं वेगळं. जखम झाली की या इवल्या कणांनी धावत येऊन एकमेकांचे हात धरायचे आणि भोक बुजवायचं. (आपल्या घराण्यात वाटणीच्या वेळीसुद्धा कुणी इतकं एकत्र आलेलं मी पाहिलं नाही.) त्या हात धरतात की नाही, हे आमच्या इस्पितळात दर सोमवारी तपासतात. स्वभावाने मात्र त्या नव्या जावयासारख्या. रक्ताची नळी हलवली की बिघडतात, फ्रिजमध्ये ठेवली की कायमच्या रुसतात. म्हणून माझ्या वरिष्ठ सुमंगलाक्का ती नळी झोपलेल्या तान्ह्या बाळासारखी हातात धरून चालत आणतात. नळ्या गरगर फिरवणारं यंत्रसुद्धा त्या मध्येच थांबवू देत नाहीत, ते दमून आपलं आपण थांबेपर्यंत हात जोडून उभ्या राहतात. त्यांचं पाहून मीही तसंच चालायला लागले. परवा बाजारात दोघींनी विचारलं, पायाला काय झालं?

तर सोमवारी सहना नावाची जगळूरची मुलगी आली. नाकातून सारखं रक्त वाहतं, आणि दुसऱ्या दिवशी टॉन्सिलची शस्त्रक्रिया. सर्जनसाहेब म्हणत होते, प्लेटलेटची संख्या भरपूर आहे, मग काळजी कसली? सुमंगलाक्कांना काळजी होती. संध्याकाळपर्यंत आमचा रिपोर्ट गेला नाही तर सकाळी सुरी चालणार होती. पण आजारी माणसाच्या रक्ताशेजारी एका निरोगी माणसाचं रक्त तपासल्याशिवाय आमचा रिपोर्ट खरा धरत नाहीत. म्हणून मी मालतेशला बोलावलं होतं, आणि उपाशी ये असं चारदा बजावलं होतं.

दोड्डम्मा, रक्त द्यायला निघालेल्या पोराला उपाशी धाडणं तुला जमणार नाही, हे मला कळायला हवं होतं. नळी फिरवून बाहेर काढली तर वर स्वच्छ पिवळं पाणी दिसायच्या जागी पांढरं फटक. यंत्र रक्तातून उजेड आरपार सोडून बघतं, त्याला भिंत दिसली.

अक्कांनी नळी मालतेशपुढे धरली. "पैलवान, अंगात रक्त आहे की ताक?"

"डोसे जास्त नाही खाल्ले अक्का," मालतेश खाली बघत म्हणाला. "चारच. लोणी आईने घातलं."

सहना नाकाला रुमाल लावून बसली होती, ती म्हणाली, "माझं आजारी रक्त बघा, कसं नितळ आहे."

मग निरोगी माणसाचा शोध सुरू झाला. अक्कांना हृदयाची गोळी, रखवालदाराला डोकेदुखीची, डॉक्टरांना कंबरदुखीची. आणि यांतली एक गोळी पोटात गेली तरी प्लेटलेट कित्येक दिवस हात बांधून बसतात. एवढ्या मोठ्या इस्पितळात धडधाकट कुणी सापडेना. शेवटी अक्का माझ्याकडे बघायला लागल्या. माझा सोमवारचा उपास होता आणि पोटात कसली गोळीही नव्हती. दिवसभर मी लोकांच्या दंडात सुया टोचते, पण स्वतःच्या वेळी घट्ट डोळे मिटले. मालतेशने माझा खांदा धरला आणि म्हणाला, "चैत्रे, हात ढिला सोड, कुस्ती नाहीये ही."

प्लेटलेट एकत्र आल्या की रक्तातून उजेड जास्त जातो आणि यंत्र कागदावर काढतं ती रेघ खाली येते. माझी रेघ उतारावरून बैलगाडी सुटावी तशी कागदावर सरसरत खाली आली. म्हणजे सगळ्या प्लेटलेटनी हात धरले. (पदवी मिळाली तेव्हाही मला इतकं भरून आलं नव्हतं.) सहनाची रेघ मात्र सपाट राहिली. अक्कांनी प्लेटलेटना डिवचायचं औषध बदलून पुन्हा पाहिलं, तरी जवळजवळ सपाटच. भरपूर प्लेटलेट, पण एक दुसरीला ओळखत नाही. सर्जनसाहेबांनी दोन्ही रेघा शेजारी ठेवून बराच वेळ पाहिल्या आणि उद्याच्या यादीतलं तिचं नाव खोडलं. सुमंगलाक्का माझ्यासाठी केळं आणायला गेल्या. मला मोठं होऊन त्यांच्यासारखंच व्हायचं आहे.

तुझी,
चैत्रा

ता. क. सहनाची शस्त्रक्रिया आता शुक्रवारी, दुसऱ्यांच्या प्लेटलेट तयार ठेवून. मालतेशचा आणि तिचा रक्तगट एकच आहे, म्हणून त्या तोच देणार आहे. या खेपेला त्याला उपाशी धाडू नकोस, पोटभर इडली खाऊ घाल. फक्त लोणी नको.

आणखी एक. तो दोन दिवस डोशावरचं लोणी बाजूला सारतो म्हणून तू वैद्याकडे निघाली आहेस, असं कळलं. जाऊ नकोस, आणि कसली गोळीही देऊ नकोस. तो आजारी नाही, शुक्रवारची तयारी करतोय. अख्ख्या तालमीला तो भीत नाही, पण तुझ्यापुढे "लोणी नको" म्हणायची छाती त्याला होईना. म्हणून हे सगळं पत्र त्यानेच माझ्याकडून लिहून घेतलं आहे.