एकच प्रश्न दोनदा

धर्मापुरी,
बुधवार, १२ फेब्रुवारी २०२५

ती. वनमालाताई यांना बायनाचा नमस्कार.

इकडे सगळे ठीक. हरभऱ्याची काढणी चालू आहे. थोरली शेळी व्याली, दोन पिलं झाली, दोन्ही माद्या. तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं, आता बारीक अक्षरही दिसतं, असं तुमच्या संस्कृतीनं फोनवर सांगितलं. म्हणून लिहायला बसले. ताई, हे पत्र तुम्हीच वाचा. लेकीला वाचून दाखवायला सांगू नका.

मला सध्या एक नवा नाद लागलाय, तो आधी सांगते. बजरंगच्या लेकीला तीन महिने झाले, अजून तिला नाव नाही. सगळे नुसतं 'बाळी' म्हणतात. तिची आई शिवकन्या मला म्हणाली, "आक्का, तुमी वाचता, तर फोनवर चांगली नावं हुडका की." मी बसले शोधायला. पण एक नाव दिसलं की त्याच्यावर साडीची जाहिरात यायची. ती सारली की गुडघ्याच्या तेलाची. पाच नावं वाचायला अर्धा तास गेला. शेवटी मी चिडून फोन खाटेवर टाकला, तर शिवकन्या हसायला लागली. म्हणाली, "थांबा, तुमाला कोल्हा आणून देते."

माझी ही धाकटी जाऊ बारावी शिकलेली, तुम्हाला माहीत आहेच. तिनं फायरफॉक्स नावाचं ब्राउझर फोनमध्ये टाकून दिलं. ब्राउझर म्हणजे ज्यातून आपण फोनवर काहीही शोधतो, वाचतो ते. फोन घेतला तेव्हा एक आलेलं होतंच, हे दुसरं. त्यावर शेपटीला जाळ लागल्यासारखा कोल्हा आहे. मी म्हटलं, "बाई, घरात कोंबड्या हायत." तर म्हणते, "ह्यो फकस्त जाहिराती खातो."

तिनं त्याला एक जोड बसवली, जाहिराती अडवणारी. मग तीच नावांची पानं उघडली, तर सगळं स्वच्छ. वर एक कागदासारखं चिन्ह आहे. ते दाबलं की बाकीचं सगळं जातं आणि पुस्तकाच्या पानासारखी नुसती अक्षरं राहतात. ती मोठीही करता येतात. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मी तासभर उठले नाही. दूध उतू गेलं.

मी विचारलं, हे फुकट कसं देतात? ती म्हणाली, ह्याचा कोड उघडा असतो. म्हणजे हे कसं बनवलंय ते सगळं लिहून ठेवलेलं असतं, कुणीही बघावं, चूक दिसली तर सांगावी, जमलं तर दुरुस्त करून द्यावी. मला ते पटलं. भंडाऱ्याचा स्वयंपाक उघड्यावर होतो. कुणीही झाकण काढून बघतं, मीठ कमी असलं तर मोठ्यानं सांगतं. तसंच हे. कोड वाचता येईल इतकं शिकायला मला दुसरा जन्म लागेल, पण झाकण काढू देतात हे ऐकूनच बरं वाटलं.

शिवकन्या म्हणाली, "जुनं काढून टाकू का आता?" मी म्हटलं, राहू दे.

मग मला खोड लागली. एकच प्रश्न दोन्हींना विचारायचा. दोन बायांना वेगवेगळं गाठून एकच गोष्ट विचारावी, तसं. परळीहून गेवराईकडे जायला एसटी किती वाजता? सोयाबीनचा भाव काय? शेळीला पोटफुगी झाली तर काय करावं? जुन्यात वर काहीतरी विकायला असतं आणि उत्तर खाली. नव्यात उत्तरच वर. मी सगळं वहीत लिहून ठेवलं. शिवकन्या चिडवते, "आक्का परीक्षेला बसणार हायत."

गेल्या गुरुवारी दुपारी घरात कुणी नव्हतं. तेव्हा मी एक जुना प्रश्न दोन्हींना विचारला.

ताई, मी शाळेत गेले नाही हे तुम्हाला माहीत आहे. एसटीच्या पाट्या, खताच्या गोण्या आणि तुमचा भाऊ बाजारातून आणायचा ते वर्तमानपत्र, यांवर मी वाचायला शिकले. त्यांना त्याचं फार कौतुक. पाव्हण्यांसमोर म्हणायचे, "आमच्या घरात वकील हाय." वर्तमानपत्रात मोठी बातमी वर असते आणि बारीकसारीक खाली. मला वाटायचं, फोनवरही तसंच असेल.

पंधरा महिन्यांपूर्वी, त्या दिवशी दोनची एसटी गेली तेव्हा ते शेतातून आले. छातीत जळजळतंय, डाव्या हाताला मुंग्या येतायत म्हणाले. खाटेवर पडले आणि म्हणाले, "बघ गं, काय म्हणतंय फोनमधी." मी लिहिलं आणि वर जे आलं ते मोठ्यानं वाचून दाखवलं. पित्त उसळलं की असं होतं, एक चूर्ण घ्या, आराम पडेल. चूर्ण घरात नव्हतं. मी कोमट पाण्यातून ओवा आणि सोडा दिला. ते म्हणाले, "वाटतंय जरा बरं." डोळे मिटून पडले. मी शेळ्यांना पाणी दाखवायला गेले.

चार वाजता परत आले, तर त्यांचा सदरा घामानं भिजलेला. तेव्हा मी बजरंगला फोन केला. दोनला नाही, ताई. चारला.

तो गाडी भरून परळीला निघाला होता. रस्त्यातच त्यानं माणसं उतरवली आणि रिकामी जीप घेऊन पंधरा मिनिटांत दारात आला. पुढचं तुम्हाला माहीत आहे. दवाखाना गाठेपर्यंत संपलं होतं.

दहाव्याला तुम्ही विचारलं, दुखत कधीपासून होतं? कुणीतरी म्हणालं, दोनपासून. तुम्ही सगळ्यांसमोर बजरंगला म्हणालात, "सीटं भरत बसलास, अन् माझा भाऊ गेला." मी पदर तोंडाला लावून बसले होते. लोकांना वाटलं, रडतेय. मी रडत नव्हते. मला कुणी विचारू नये म्हणून तोंड झाकलं होतं.

तेव्हापासून तुम्ही त्याच्या घरचं पाणी घेत नाही. वर्षश्राद्धाला आलात, तरी त्याच्या ओट्यावर चढला नाहीत.

तर गुरुवारी मी तोच प्रश्न, तेच शब्द दोन्हीत लिहिले. जुन्यात अजूनही वर चूर्णच आहे. शेजारी बारीक अक्षरात 'प्रायोजित' असं लिहिलेलं. तेव्हा त्या शब्दाकडे मी बघितलंही नव्हतं. नव्यात पहिल्याच ओळीत आलं, छातीत दुखून हाताला मुंग्या येत असतील तर थांबू नका, ताबडतोब दवाखान्यात न्या.

मी जाहिरातीला दोष देऊन मोकळी झाले असते. पण मग जुन्यातच बोटानं खाली सरकवलं. तेच पान तिथंही होतं. तिसरं. चार बोटं खाली. मी तेवढं खाली गेले नव्हते.

काल बजरंगला सगळं सांगितलं. त्याला फोनची वेळ पहिल्यापासून ठाऊक होती. मी विचारलं, "मग ताईला कावून सांगितलं न्हाई?" तो टायर धूत होता. मान वर न करता म्हणाला, "वहिनी, तुमचा मानूस गेलता. मला दोन शब्द बोलले तर माझं काय झडलं?" मग म्हणाला, "आता बी लिहू नका. ताई तुमाला तोडंल." मी म्हटलं, तोडू दे. सख्ख्या बहिणीनं तुला तोडलंय, ते मी पंधरा महिने बघतेय.

बारसं रविवारी, तेवीस तारखेला धरलंय. बाळीला आत्या एकच, तुम्ही. तिच्या कानात नाव सांगायचा मान तुमचा. बजरंग दुसऱ्या कुणाला तो देत नाही, म्हणून ती पोर अजून बिननावाची आहे. बजरंगचा आणि तिचा, दोन्ही जिवांचा काही अपराध नाही.

तुम्हाला माझं तोंड बघायचं नसेल, तर संस्कृतीकडून एवढंच कळवा. मी सकाळच्या गाडीनं परळीला निघून जाईन आणि तुम्ही परत फिरलात की येईन. मनात धरणार नाही. आणि तुम्हाला मला बोल लावायचा असेल, तर लवकर या आणि आधी माझ्या दारात या. मी ओट्यावरच बसलेली असेन. या खेपेला तोंड झाकणार नाही.

जिनं त्या दिवशी फोन उशिरा केला, तीच
तुमची भावजय,
बायना