आखाजीची घागर

माय, अक्षय तृतीया झाली, आपली आखाजी. तू गेलीस तेव्हा मी फ्रॉक घालत होते, आता माझी पोरगी माझ्या मांडीवर झोपलीय. आप्पा अजून लिंबायतच्या त्याच खोलीत आहेत, एकटे. मी लग्न होऊन चलथाणला, ख्रिस्ती घरात. पोरीनं देव बदलला, असं लोक बोलतात. मला नीट सांगता येत नाही. मी येशूला मानते, दुसऱ्या कुणापुढं हात जोडत नाही, एवढंच.

आखाजीच्या तोंडावर पोरगी तापली. औषध चालू होतं, ताप उतरेना. आप्पांच्या शेजारची मावशी फोनवर म्हणाली, "लग्न झाल्यापासून आखाजीला मायच्या नावाची घागर भरायला आली नाहीस. माय तहानलीय, म्हणून लेकरू तापतंय." मला माहितीय, तू असं करणार नाहीस. स्वतः उपाशी राहून मला वाढायचीस तू. पण पोरीच्या कपाळाला हात लावला की माझं ते माहीत असणं कुठं जातं कोण जाणे. मग आप्पांचा फोन. "नवी घागर आणली. सांजोऱ्या कोण करेल? तुनी माय वाट देखस." सासूला सांगायची भीती वाटत होती. ती भांडी घासत होती, मान वर न करता म्हणाली, "आईबापाचा मान राख, असं देवानंच सांगितलंय. आपल्या मंडळीतले असले तरच राख, असं नाही सांगितलं. जा. पोरीला टोपी घाल, ऊन आहे."

तुझ्याच कढईत सांजोऱ्या तळायला बसले आणि एकदम तू दिसलीस. साड्यांना टिकल्या लावून बोटांवर वाळलेला गम तू खरवडतेस. मी एक सांजोरी उचलते, तू झारा हातावर मारतेस. "नैवेद्य झाला नाही अजून, हावरट!" आणि आप्पांची पाठ वळली की तुटकी एक माझ्या खिशात सारतेस. मांडी भाजते, तरी मी गप्प.

आप्पांनी पाट मांडला. म्हणाले, "हात जोड."

"आप्पा, ते माझ्याच्यानं होणार नाही."

"मंग आली कशाला व?"

"तुम्हाला जेवायला घालायला."

वाटलं, आता हाकलतात. ते घागर घेऊन नळावर निघाले, पण कमरेनं दगा दिला. मी पोरीला त्यांच्याकडे दिलं आणि घागर भरून आणली. पूजा त्यांनी एकट्यानं केली. जेवताना म्हणाले, "तुझ्या मायच्या पातळ राहायच्या." खाल्ल्या मात्र सगळ्या.

दुसऱ्या दिवशी ताप उतरला. आप्पा म्हणतात घागरीनं, सासू म्हणते प्रार्थनेनं, आणि नवरा म्हणतो औषधाच्या बाटलीनं, जी त्यानं आणली. मी कुणाचंच खोडलं नाही.

ही चिठ्ठी कुठं टाकायची, मला माहीत नाही. लिहिली ती एकाच गोष्टीसाठी. नळावर घागर भरताना कुणी बघत नव्हतं, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "माय, माझ्या पोरीला सोड." जशी काय तूच तिला धरलीस. येशूची माफी मी त्याच दिवशी मागितली. तुझी राहिली होती.