चारशे बाराचा पडदा

३ मार्च, सोमवार

मिळाला! व्हिसा मिळाला! तिसऱ्या अर्जाला! सहा फोटो, दोन्ही कान दिसतील असे. डॉक्टरचा दाखला. आजवर कुठे कुठे नोकरी केली त्याची यादी. मुलगा अजून डोकं धरून बसलाय. "आई, त्या देशात कुणी जातं का? फोन लागत नाही, एकटीला रस्त्यावर सोडत नाहीत." सून म्हणाली, "जाऊ द्या हो त्यांना. इथे तरी कुठे कुणाचं ऐकतात?" गुणाची पोर!

सात दिवस. परदेशी माणसांना सगळ्या शहरात एकच हॉटेल. आणि त्याच शहरात माझी धाकटी बहीण. सव्वीस वर्षांत तिचं तोंड पाहिलेलं नाही.

५ मार्च, बुधवार

इथे लिहायला हरकत नाही. आई जाऊन चौदा महिने झाले आणि धाकटीला ते माहीत नाही. कळवायलाच बसले होते. लिहिलं भलतंच— "आईने तुला माफ केलं." मग दर पत्रात आईचा एक निरोप घालत गेले. धाकटी त्या देशातल्या माणसाशी लग्न करून गेली तेव्हा आईने तिचं नाव टाकलं होतं, घरात काढूही द्यायची नाही. आता धाकटीचा नवराही राहिला नाही. तिकडे एकटी असते, शिवणकाम करते. अशा बाईला पत्रातून काय कळवू?

येतेय एवढं तिला पत्राने कळवलंय, बाकी समोर बसवून सांगायचं. एवढ्यासाठीच चालले आहे.

११ मार्च, मंगळवार

टूरवाल्याने बसवून सगळं सांगितलं. पुस्तक, नकाशा, छापील कागद न्यायचा नाही. फोन विमानतळावर पिशवीत घालून सील करतात. टॉर्च घ्या, वीज जाते. औषधं मूळ वेष्टनातच. न्हाणीघराच्या भोकाला रबरी बूच घरून न्या, तिथली हरवलेली असतात. (हे ऐकून माझ्या जिवाला लागलं. बूच हरवतंच कसं?) आणि स्थानिक माणसाला भेटता येणार नाही. त्यांना हॉटेलात फक्त कामापुरतं येऊ देतात, आपल्याला त्यांच्या घरी जाऊ देत नाहीत.

"मग माझ्या बहिणीला कशी भेटू?"

"काकू, ते तेवढं सोडून बोला."

सोडते की काय!

२९ मार्च, शनिवार

पोचले. खोली ४१२.

विमानतळावरच्या अधिकाऱ्याने ही वही उलटी धरून पाच मिनिटं वाचली. मान डोलावली आणि परत दिली.

एकतीस वर्षं हॉटेलच्या खोल्या तपासायची नोकरी केली, पाहुणी म्हणून आज पहिल्यांदा झोपणार! आल्या आल्या पलंगाखाली हात फिरवला. धूळ. आरशाच्या वरच्या कडेला धूळ. चादरीचे कोपरे मात्र नंबर एक. मजल्यावर लिफ्टसमोर एक बाई टेबल टाकून बसते, कोण आलं कोण गेलं ते लिहिते. तिला अंगठा दाखवून चादरीची तारीफ केली. लाजली बिचारी.

गाइड पोरगेलासा, सभ्य आहे. पण मी जिन्यात थांबले की थांबतो, खोकले की खोकतो. त्याचं नाव सावली ठेवलंय.

३० मार्च, रविवार

सावलीने तीन पुतळे आणि एक धरण दाखवलं. बहिणीचं विचारलं. "नियम नाही, मॅडम." गोड हसून म्हणाला, म्हणून जास्त राग आला.

धाकटीचं एक वाक्य डोक्यात घोळतंय. मागच्या पत्रात होतं— "हॉटेलचं शिवणकाम माझ्याकडे येतं."

कामापुरतं येऊ देतात ना? मग काम काढू!

३१ मार्च, सोमवार

माती खाल्ली. ब्लाउजची बाही उसवून खाली दिली. दुपारी हॉटेलचाच शिंपी आला, मिशीवाला, गळ्यात टेप. पाच मिनिटांत टाके घालून गेला. आणि काय सुंदर टाके!

मग ट्यूब पेटली. अगं बाई, एकतीस वर्षं काय केलंस? पाहुण्यांचे कपडे हॉटेलचा शिंपी बघतो. बाहेर जातात ते मोठे पडदे! आणि जड पडद्याला राखीव जोड नसतो, आहे तोच दुरुस्त करावा लागतो.

पडद्याकडे बघत बसले आहे. पडद्याला हात पुसणाऱ्या पाहुण्यांना मी जन्मभर शिव्या घातल्या.

१ एप्रिल, मंगळवार

फाडला. देवा, क्षमा कर.

सावली फॉर्म घेऊन आला. नुकसानीचं कारण? "पाय अडकला." खिडकी जमिनीपासून तीन फूट वर आहे. त्याने खिडकीकडे बघितलं, माझ्या पायांकडे बघितलं, लिहून घेतलं.

२ एप्रिल, बुधवार

आली! आली! आली!

दार सताड उघडं, मजल्यावरची बाई खुर्ची ओढून बाहेर बसलेली. आत एक पिकल्या केसांची बाई, हातात टेप. मी रडणार तेवढ्यात ती फाटलेला भाग बघून फणकाऱ्याने म्हणाली, "ताई, उभा फाडलास? उभी शिवण अर्ध्या तासात होते! आडवा फाडायचा, सगळा पन्हा बदलावा लागतो. दोन दिवस लागले असते!"

सव्वीस वर्षांनी भेटली आणि पहिली मलाच अक्कल शिकवली! मी इतकी हसले की बाहेरची बाई डोकावली. मग पडद्याचं एक टोक मी धरलं, दुसरं तिने. मापं घ्यायच्या निमित्ताने पडद्याआड तिने माझा हात धरला आणि सोडलाच नाही. हात खरखरीत झालाय. मी अशी सुखावले की काय सांगू.

"आई कशी आहे?"

"बरी आहे. तुझी आठवण काढते."

तोंडातून निघूनच गेलं. थू माझ्यावर.

ती गेल्यावर दुसरा पडदा आडवा फाडला.

३ एप्रिल, गुरुवार

पुन्हा पाऊण तास! ती गुडघ्यावर बसून खुणा करत होती, मी टाचण्या देत होते. लहानपणी एका रजईत कशा लाथा मारायचो ते बोललो. तिचा नवरा चांगला होता म्हणे, चहा करून द्यायचा. मजल्यावरच्या बाईने आज खुर्ची उलट्या तोंडाने लावली, पाठ आमच्याकडे! मी तिला सुनेने दिलेली साबणाची पेटी देऊन टाकली.

सावलीने विचारलं, "मॅडम, आज धबधबा?" म्हटलं, पडदा बघते.

धाकटीने पुन्हा विचारलं, "आई माझ्याबद्दल काय म्हणते?" मी पुन्हा रचलं. उद्या शेवटचा दिवस. उद्या सांगायचंच.

४ एप्रिल, शुक्रवार

विमानतळावर. तास आहे अजून.

सकाळी तिने पडदा लावला. म्हटलं, "धाकटे, ऐक. आई—"

तिने ओठांतल्या टाचण्या काढल्या. "पहिल्याच पत्रात कळलं होतं, ताई. आई असती तर तिने माफ केलं नसतं."

मी खालीच बसले. तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला. म्हणाली, "निरोप घालत जा. तू लिहितेस ना, ती आई मला हवी आहे."