इंग्रजी साहित्य, इंचाच्या मापात

तीर्थरूप अक्कास, धाकट्याचा वाकून नमस्कार (कंबर धरल्यामुळे अर्धाच वाकलो आहे, उरलेला तू मनाने पुरा करून घे). तुझा गुडघा कसा आहे? डॉक्टर म्हणाले वंगण कमी झालंय, असं लिहिलं होतंस. पंप असता तर मीच उघडून पाहिला असता. इकडे अब्रू सोडून सर्व ठीक आहे. तिचंच सांगायला बसलो आहे.

भिंगरी दहावी पास झाली हे तुला ठाऊक आहेच. मागच्या आठवड्यात मी दुकानात एक पंप उघडून बसलो असताना (गिऱ्हाईक म्हणत होतं मोटार जळली, गेलं होतं फक्त वायसर) ती येऊन म्हणाली, "बाबा, पुढची दोन वर्षं मी इंग्रजी साहित्य घेणार." आता साहित्य म्हटलं की तुला कविता दिसत असतील. माझ्या दुकानाच्या पाटीवर 'पंप व नळाचे सर्व साहित्य मिळेल' असं लिहिलेलं आहे, आणि इंचाच्या मापाच्या पान्यांना आम्ही इंग्रजीच म्हणतो. पोरगी धंद्यात उतरणार म्हणून ऊर भरून आला. तरी बाप म्हणून चौकशी केली.

"जड असतं हं. पेलेल का?"

"बाई म्हणतात, सवयीनं पेलतं."

"नवं घेणार का जुनं?"

"दोन्ही आहे. पण मला जुनंच आवडतं."

अक्का, हल्लीच्या मालात दम नाही हे या वयात कळायला ते रक्तातच असावं लागतं. मी त्याच संध्याकाळी इंची पान्यांचा अख्खा संच आणला, आणि रंगाऱ्याकडून पाटीवर माझ्या नावापुढे 'आणि कन्या' रंगवून घेतलं. (त्याने 'णि' दीर्घ काढला होता. शिडीवर परत चढवून ऱ्हस्व करून घेतला. भाषेच्या बाबतीत मी कुणाला सोडत नाही.)

मग शाळेत पालकांना बोलावणं आलं, भिंगरीला घेऊन गेलो. इंग्रजीच्या बाईंनी विचारलं, घरात साहित्याची आवड आहे का? म्हटलं, आवड कसली, पाय ठेवायला जागा नाही. पलंगाखालीसुद्धा तेच, सौ. म्हणते भंगारात घाला. बाई हळहळल्या. अशी घरं आता राहिली नाहीत म्हणाल्या. मला चेव चढला. पिशवीतून संचातला सर्वांत मोठा पाना काढून त्यांच्या वह्यांच्या गठ्ठ्यावर ठेवला आणि सांगितलं, हा अस्सल इंग्रजी, हिचा हात यावरच बसवणार. बाई पान्याकडे बघत राहिल्या, मी बाईंकडे. तेवढ्यात भिंगरी शांतपणे म्हणाली, "बाबांना गंमत करायची सवय आहे, बाई. पंख्याने कागद उडतात ना, म्हणून आणलाय." बाई हसल्या. मीही हसलो, कशाला, ते जिना उतरताना कळलं.

वाटेत ती म्हणाली, "पाटी बघितली मी, बाबा. तुमच्या मनात नसेल तर नाही घेत. सोमवारपर्यंत विषय बदलता येतो." रुसून म्हणाली असती तर दोन शब्द सुनावले असते. समजुतीने म्हणाली, तिथे मी गार. तेव्हा अक्का, तू जन्मभर हाच विषय शिकवलास (आणि शेवटी गुडघा धरून बसलीस). तूच तिला लिही की यात पोट भरत नाही, वर चष्मा लागतो. तुझं ती ऐकेल. माझ्याच्याने तिच्या तोंडावर नाही म्हणवत नाही.

तुझा धाकटा

ता. क. वरचं पत्र परवाचं. तिला काही लिहू नकोस. काल ती खिडकीत बसून बाईंनी दिलेलं पुस्तक वाचत होती आणि स्वतःशीच हसत होती. मी जवळ गेलो तशी पुस्तक मिटून त्या वायसरचं काय झालं म्हणून विचारायला लागली. मला परकं वाटू नये म्हणून. वायसरमध्ये तिला काडीचाही रस नाही, हे मला तेव्हा कुठे दिसलं. आज सकाळी बाईंना भेटून 'घेऊ द्या' सांगून आलो.

ता. क. दुसरा. आता खरं काम. ज्या पानावर ती हसत होती ते तिच्यामागे मी शब्दकोश घेऊन वाचलं. दोनदा पूर्ण उघडून पुन्हा बसवलं. शब्द सगळे लागले, हसू कुठे आहे ते सापडलं नाही. तरी दर आठवड्याला एक कविता, सोपी, मोठ्या अक्षरात, दुकानाच्या पत्त्यावर पाठव. अर्थ मी कळवीन, चुका तू काढ. भिंगरीने विचारलंच तर आपलं पंपाविषयी चाललंय म्हणून सांग. मात्र उशीर नको. ती रोज पुढचं पान उलटते आहे.