बिननावाचे मालक

सोमवार, ३ फेब्रुवारी
आले बाई एकदाची कुपवाडला! आटपाडीच्या एसटीत शेजारचीनं तासगाव आलं तरी सुनेच्या कागाळ्या थांबवल्या न्हाईत. माझी सून दीपमाला गुणी हाय. दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला, मगच आत घेतलं. ती आणि माझा कृष्णात दोघंबी कारखान्यात. आठला गाडीवर बसतात ते सहाला उगवतात. माझी एकवीस मेंढरं गावाकडं दिराच्या, बिरदेवच्या, हवाली केलीत. जाळीत घालताना रोज मोज, असं त्याला दहादा सांगितलं. माझी शाळा तिसरीपतोर, पण नात अपेक्षानं ही वही दिली. म्हणाली, आज्जे, रोज लिव, न्हाईतर अक्षरं विसरशील. सुट्टीला आलीया पोरगी. रंग उजळलाय, खाणं मात्र चिमणीएवढं.

मंगळवार, ४ फेब्रुवारी
आज गंमतच झाली. अपेक्षाच्या कॉम्प्युटरात आपलं गाव हाय! खेळ हाय म्हणं, ठोकळ्या-ठोकळ्यांचा. आपलं घर, लिंब, जाळीचा वाडा, आत एकवीस मेंढरं. मी मोजली. तिनं चुकून एक जास्तीचं घातलं असतं तर ऐकून घेतलं नसतं. एक बाहुली ती, एक मी. बाणाची बटणं दाबली की मी तरातरा चालते. गुडघे दुखत न्हाईत, हे बेस.

खेळ बिघडला तर गाव पुसलं जाईल, म्हणून तिनं एक वेगळा प्रोग्राम घातलाय. हिरवं बटण दाबलं की आख्ख्या गावाची नक्कल निघते आणि तारीख लागून साठते. पिवळं दाबलं की त्या तारखेचं गाव परत. नकला सातच राहतात. आठवी आली की सगळ्यात जुनी गेली. रोज जेवण झालं की हिरवं दाबायचं काम आता माझं. पहिली नक्कल आजच काढली. मोठी अधिकारीण झाले की मी!

बुधवार, ५ फेब्रुवारी
अपेक्षा साताऱ्याला गेली, नर्सिंगच्या वसतिगृहात. जाताना उंबऱ्यापाशी एक नवी बाहुली उभी केली, तिचा आजा. प्रत्येकाच्या डोक्यावर नावाची पट्टी असते. म्हणाली, आज्याचं नाव तू टाक, बघू टाकतीस का. लबाड कुठली! मालकांचं नाव पंचेचाळीस वर्षं तोंडातनं काढलं न्हाई, ते गेल्यावरबी न्हाई, आता हितं बडवू व्हय? पट्टी कोरीच ठेवली आणि हिरवं दाबलं.

मग त्यांच्यासमोर बसून चहा प्याले. हितली दुपार लय लांब. समोरच्या राणीबाई दार किलकिलं करतात, हसतात, लावून घेतात. मालकांशी बोलत बसले. ऐकत होते बापडे.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी
मेंढरं वीसच. तीनदा मोजली. मालक उंबऱ्यावर न्हाईत, वाड्यात उभे. म्हटलं, खेळच हाय, हलत असतील. हिरवं दाबलं.

संध्याकाळी बिरदेवचा फोन. वैनी, एक मेंढरू गेलं, म्हणाला. जखम न्हाई, रोग न्हाई, उभ्या-उभ्या पडलं.

शनिवार, ८ फेब्रुवारी
सतरा. बिरदेवला मीच फोन केला. त्यानं आकडा सांगायच्या आधी मी सांगितला. वैनी, तुला कुणी सांगितलं, म्हणाला.

कृष्णातला सांगितलं तर म्हणाला, आई, दिवसभर एकटी असतीस, म्हणून असं वाटतं. दीपमालानं पाठीवर हात ठेवला. दोघं दमलेले. मी पानं वाढायला घेतली.

रविवार, ९ फेब्रुवारी
नऊ. एक गोष्ट आज कळली. आमचे मालक मेंढरांना पाठ करून जन्मात कधी उभे राहिले न्हाईत. हा पाठ करून उभा हाय. तोंड अपेक्षाच्या बाहुलीकडं.

हे आमचे मालक न्हाईत. नाव लिवलं असतं तर तेच आले असते. मी जागा रिकामी ठेवली, त्यात दुसरंच कुणी शिरलं.

हिरवं दाबलं. पोरीला शब्द दिलाय.

सोमवार, १० फेब्रुवारी
मेंढरू एकबी न्हाई. तो अपेक्षाच्या बाहुलीला खेटून.

फोन केला. हसली, पण आवाज बारीक. दोन दिवस अंगात ताकद न्हाई म्हणाली. आज्जे, खेळाला काय भ्यायचं, म्हणाली. म्हटलं, दूध पी.

पट्टीवर नाव टाकलं. मालक, माफ करा. जोतीराम. एकेक अक्षर शोधून लिवलं. डोळ्यांदेखत पुसलं गेलं. पुन्हा लिवलं. पुन्हा—

मंगळवार, ११ फेब्रुवारी
पहाटेच वसतिगृहाचा फोन. अपेक्षा डोळे उघडंना. कृष्णात आणि दीपमाला गाडीवर साताऱ्याला गेले. मी एकटी.

मग सुचलं, चार तारखेची नक्कल! तेव्हा तो नव्हताच. पिवळं दाबलं की सगळं परत. जेवले न्हाई, तशीच बसले. आणि रोजच्या सवयीनं बोट गेलं—

हिरव्यावर.

आठवी आली. चारची गेली. आता उरल्या त्या सातीत तो हाय.

माझ्या हातानं. माझ्याच—

बुधवार, १२ फेब्रुवारी
कॉम्प्युटरचा डबा बंद केला, वायर उपटली. पडदा चालूच.

दवाखान्यातनं कृष्णातचा फोन. रडत होता. श्वास मंद म्हणाला.

पडद्यावर अपेक्षाची बाहुली पायापासनं कमरेपतोर पुसली गेलीया.

दुपारी
एकच बाहुली माझ्या हातात हाय. माझी. बाण दाबत चालले. दोघांच्या मधी घातली. म्हटलं, मेंढरं खाल्लीस, हिला न्हाई. मी हाय की. मला घे.

तो वळला. तोंडच न्हाई त्याला—

पाय गार. कमरेपतोर गार—

फोन वाजतोय. अपेक्षाचं नाव! उठली गं माझी बाय, उठली—

उचलते. हात पुढं केला, पण फोन हितंच असून मला तो धरता येईना— थांब, ठेवू नगंस, आज्जी हाय, अजून थोडा वाजू दे, मी—